आषाढी वारी: हातात चार दिवस, सोबत आई. कुठला टप्पा धरावा?

उंबरठा:
मंडळी, यंदा, २०२६ साली, आषाढी एकादशी २५ जुलैला, शनिवारी येते आहे. सलग चार दिवस रजा मिळेल. ते कुठे घालवायचे यावर घरात एकमत होत नाहीये. आई ६४ वर्षांची आहे. रोज पाच-सहा किमी सपाट रस्त्यावर चालते, पण उजवा गुडघा कुरकुरतो आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. वारी आम्हा दोघांपैकी कुणीच केलेली नाही.

माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा दिवस करावा असं एक मत, आणि शेवटचे दिवस चालून एकादशीला पंढरपुरात असावं असं दुसरं. रिंगण मात्र दोघांनाही बघायचंच आहे. दिंडीत नाव घालावं लागतं की सुटं चालता येतं? चार दिवसांत दर्शन बसेल का? सामान किती न्यावं? भक्तीबद्दल सल्ला नको, तो आईकडे भरपूर आहे. व्यवहाराचं सांगा.

पडशी:
आधी तारखेतली एक मेख. या वर्षी ज्येष्ठ अधिक आला आहे, म्हणून आषाढी इतकी उशिरा आहे. २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. माउलींचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आणि तुकोबारायांचं देहूहून आदल्या दिवशी, सप्तमीला असतं. पण यंदा हे निज ज्येष्ठातले दिवस धरायचे. कॅलेंडरात पहिली दिसेल ती ज्येष्ठ वद्य अष्टमी अधिकातली, तिच्यावर रजा टाकलीत तर आळंदीत कुणी भेटणार नाही. सोबत कुणी उत्तरेकडचं येणार असेल तर त्यांच्या पंचांगात याच पंधरवड्याला आषाढ कृष्ण पक्ष म्हणतात, हेही सांगून ठेवा.

तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की मुक्काम कमी-जास्त होतात. लोणंदला कधी एक रात्र, कधी दोन, फलटणचंही तसंच. म्हणून मागच्या वर्षीचं वेळापत्रक पुढे ढकललेले फोटो फिरतात त्यावर जाऊ नका. पालखीचं संस्थान दरवर्षी मुक्कामांचं पत्रक काढतं, तेच हातात ठेवा.

आता टप्पा. सगळे जण कुठून सामील व्हायचं हे ठरवतात, बाहेर कुठून पडायचं हे कुणी ठरवत नाही, आणि नवख्यांचे हाल तिथेच होतात. पालखीचा रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो. घाट चढून सासवडला पोचलात, रात्रीचे नऊ वाजले, आईचा गुडघा सुजलाय, आणि पुण्याला परतायला ना एसटी ना रिक्षा. दिवे घाट बंद, बोपदेवमार्गे वळवलेली वाहतूक तुंबलेली. म्हणून आधी परतीची वाट बघा, मग टप्पा.

या हिशेबाने सोपा पट्टा म्हणजे जेजुरी ते लोणंद. कारण साधं आहे: जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही चारही पुणे–मिरज रेल्वेमार्गावरची स्टेशनं आहेत. रस्ता बंद असला तरी रूळ बंद नसतात. गाड्या कमी आहेत आणि प्रत्येक गाडी छोट्या स्टेशनावर थांबत नाही, तेव्हा परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. त्या गर्दीत फोनवर शोधायला नेटवर्क मिळेलच असं नाही.

अंतरं साधारण अशी. पुणे–सासवड ३० किमीच्या वर, सासवड–जेजुरी १६-१७, जेजुरी–वाल्हे १२, वाल्हे–लोणंद २०. त्यापुढे लोणंद–तरडगाव जेमतेम ८. आईंसाठी जेजुरी–वाल्हे हा पूर्ण दिवस चालण्याजोगा आहे. लोणंद–तरडगाव तर निवांत, कारण पालखी लोणंदहून दुपारी निघते, आणि वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. म्हणजे आठ किमीत रिंगणही पदरात.

चार दिवसांचा मेळ असा बसवता येईल: पहिल्या दिवशी सासवड. तिथे माउलींच्या दोन रात्री असतात. त्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे वद्य द्वादशीला, तिथे असा; तो तुमचा पहिला दिवस. तेव्हा पालखी जागेवरच असते आणि सोपानकाकांच्या पालखीचं सासवडहूनच प्रस्थान होतं. चालायचं नाही, गर्दी घाटाच्या दिवसापेक्षा पुष्कळ कमी, आणि प्रस्थान बघायला मिळतं. मग जेजुरी. गावात शिरताना पालखीवर भंडारा उधळतात. डोळ्यांत गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मग वाल्हे. चौथ्या दिवशी वाल्ह्याहून नीरेपर्यंत या. तिथे दत्तघाटावर पादुकांना नीरास्नान घालतात आणि पालखी पुणे जिल्हा सोडून साताऱ्यात जाते. नीरा स्टेशन तिथून जवळ, तिथून परत. लोणंदचं उभं रिंगण हवंच असेल तर सासवडचा दिवस गाळून सगळं एक-दोन दिवस पुढे सरकवा.

चंद्रभागातीर:
पडशींचं रेल्वेचं गणित बरोबर आहे, पण प्रश्नात 'रिंगण बघायचंच' असं लिहिलंय. उभं रिंगण म्हणजे रस्त्यावर दुतर्फा दिंड्या उभ्या आणि मधल्या पट्ट्यातून अश्व धावतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला पताका आणि पाठी याशिवाय काही दिसत नाही. पहिल्यांदाच बघणार असाल तर गोल रिंगण बघा.

माउलींच्या वाटेवर गोल रिंगणं शेवटच्या आठवड्यात येतात: माळशिरसच्या अलीकडे सदाशिवनगरजवळ, मग खुडूस फाटा, मग भंडीशेगावच्या आधी ठाकुरबुवांच्या समाधीपाशी, आणि वाखरीच्या आधी बाजीरावाच्या विहिरीजवळ. बाजीरावाच्या विहिरीला एकाच दुपारी उभं आणि गोल अशी दोन्ही होतात.

मैदानाच्या मधोमध पालखी ठेवतात, भोवती दिंड्या, त्यांच्याभोवती धावायची मोकळी वाट, आणि त्या वाटेबाहेर बघे. आधी पताकाधारी धावतात, मग तुळशी-हंडे घेतलेल्या महिला, वीणेकरी, टाळकरी, आणि सगळ्यांत शेवटी दोन अश्व. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी नसतं. तो माउलींचा. अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात.

जागा धरायला किमान दोन-तीन तास आधी पोचा. धावपट्टीच्या अगदी काठावर, दोरीला लागून, आईंना उभं करू नका. अश्व गेला की टापांखालची माती कपाळाला लावायला मागची सगळी गर्दी एकदम वाटेवर उतरते, आणि काठावरचा माणूस खाली वाकलेला असतानाच चेंगरतो. मागे दहा-पंधरा हात सरकून बांधावर, उंचवट्यावर जागा घ्या. ट्रॉलीच्या टपावर, झाडावर किंवा घराच्या पत्र्यावर चढू नका. माती घ्यायचीच असेल तर दहा मिनिटं थांबा, माती कुठे पळून जात नाही. रिंगणानंतर फुगड्या, हुतुतू, मनोरे असे खेळ चालतात. ते आरामात बघता येतात आणि बरेच नवखे ते चुकवून पार्किंगकडे धावतात.

माझं मत: भंडीशेगाव–वाखरी हा सुमारे १० किमीचा दिवस. आदल्या रात्री भंडीशेगाव किंवा आसपास मुक्काम, नवमीला वाखरी, दशमीला वाखरीहून पंढरपूर. वाखरीला नवमीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, पैठणहून नाथ, सासवडहून सोपानकाका, देहूहून तुकोबाराय. दशमीला पंढरपुरातून नामदेवरायांची पालखी त्यांना न्यायला वाखरीला येते, आणि सगळ्यांत शेवटी माउली निघतात. वाखरी–पंढरपूर अंतर किरकोळ आहे पण पोचायला रात्र होते, हे धरून चाला.

गाडीनेच यायचं तर कुर्डुवाडी गाठा. ते पुणे–सोलापूर मुख्य मार्गावर आहे, तिथून मिरजेकडे जाणाऱ्या फाट्यावर सुमारे ५० किमीवर पंढरपूर. आषाढीला या मार्गावर जादा गाड्या असतात. पंढरपूर स्टेशनवरून वाखरीकडे उलटं सात-आठ किमी चालत गेलात तर रिंगणालाही पोचता येतं.

पडशी:
ते सगळं खरं. पण रात्री झोपायचं कुठे? दिंडीत नाव नसेल तर भंडीशेगाव-वाखरीला मुक्कामाला छप्पर मिळणं फार अवघड. ६४ वर्षांच्या बाईला जुलैच्या अखेरीस काळ्या मातीत ताडपत्रीवर झोपवायचं? तिथली माती पाऊस पडला की चपलेसकट पाय धरून ठेवते.

उंबरठा:
दोन्ही पटतंय, म्हणजे गोंधळ वाढला. सुटं चालणं आणि दिंडीत चालणं यातला फरक जरा सविस्तर कुणी सांगेल का? आणि एकादशीच्या दर्शनाचं कुणीच काही बोललं नाही.

तिसरा कर्णा:
दिंडीचं मी सांगतो.

माउलींच्या रथापुढे २७ मानाच्या दिंड्या आणि रथामागे त्यांच्या कितीतरी पट. प्रत्येकीला क्रमांक आहे, आणि 'रथापुढे अमुक' किंवा 'रथामागे तमुक' हाच तिचा पत्ता. नुसता 'दिंडी क्रमांक १२' म्हणून चालत नाही, कारण बारा पुढेही आहे आणि मागेही. हरवलेली माणसं बहुतेक या एका शब्दावाचून तासभर भटकतात.

नाव घालायचं म्हणजे दिंडीच्या मालकांशी किंवा व्यवस्थापकांशी वारीच्या महिना-दीड महिना आधी बोलायचं. ते भिशी सांगतात. भिशीत दोन वेळचं जेवण, चहा, तंबूतली जागा आणि सामान वाहणारा ट्रक येतो. बहुतेक दिंड्या पूर्ण वारीची भिशी घेतात, पण चार दिवसांसाठी घेणाऱ्याही आहेत. ओळखीतून विचारा, गावागावांत कुणी ना कुणी वारकऱ्यांच्या फडाशी (गटाशी) जोडलेलं असतंच. बोलताना एवढं विचारून घ्या: महिलांचा तंबू वेगळा आहे का, ट्रक दुपारच्या विसाव्याला भेटतो की थेट मुक्कामी, पाण्याचा टँकर दिंडीचा स्वतःचा आहे का, आणि मधूनच परत जायचं झालं तर सामान कसं मिळेल. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. ट्रक पहाटेच पुढे निघून जातो, आणि तुम्हाला जेजुरीहून परतायचं असतं तेव्हा वळकटी वाल्ह्याला पोचलेली असते.

दिवस असा जातो. पहाटे तीन-चारला जाग, टँकरवर अंघोळ, वळकटी बांधून ट्रकवर. मग कर्णा वाजतो: पहिला झाला की आवरायचं, दुसऱ्याला दिंडीत आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. तिसऱ्यानंतर धावत येणाऱ्याला दिंडी सापडायला दुपार होते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज, मागे वीणेकरी, आणि त्यांच्यामागे तुळशी-हंडे घेतलेल्या आणि इतर महिला. नवखा माणूस मागे चालतो. अभंगांचा क्रम ठरलेला असतो: सकाळी काकडा-भूपाळी, वाटेत वाराचे अभंग, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. हरिपाठाची छोटी पोथी खिशात असली की पुरे.

सुटं चालायला कुणाची परवानगी लागत नाही. रस्त्याच्या कडेने चाला. काही गोष्टी मात्र पाळा. टाळकऱ्यांच्या रांगेतून आडवं जाऊ नका, दोन दिंड्यांच्या मधल्या फटीतून ओलांडा. वीणेकऱ्याला वाटेत थांबवून पाया पडू नका, मागची सगळी दिंडी अडते. तुम्हाला कुणी 'माउली' म्हणून वाकून नमस्कार केला तर तसाच परत करायचा, वयाचा विचार न करता. रथापुढे उलटं चालत व्हिडिओ काढणं हा ठेचकाळून पडायचा खात्रीचा मार्ग आहे.

मुक्कामी समाजआरती मात्र चुकवू नका. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा दणदणाट चालू असतो, चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, वर करतात आणि सगळं एकदम थांबतं. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिच्याकडे जातात. एवढा समुदाय भोंग्याशिवाय आवरण्याची ही पद्धत आहे. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी १९ व्या शतकात घालून दिली, तीच अजून चालते.

चंद्रभागातीर:
दर्शनाचं. चार दिवसांत एकादशीचं पदस्पर्श दर्शन बसवू नका. रांग दर्शनमंडपातून बाहेर पडून गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपर्यंत आणि तिच्याही पुढे जाते. वीस तास आणि त्याहून जास्त लागणं यात नवल नाही. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाने ती रांग धरूच नये. बसायला जागा मिळत नाही असं नाही, पण सारखं दोन पावलं उठायचं आणि पुन्हा बसायचं, ते गुडघ्याला चालण्यापेक्षा वाईट.

पर्याय तीन. मुखदर्शनाची रांग वेगळी असते. ती पुढे सरकते पण मूर्तीपासून अंतरावरून दर्शन होतं. दुसरा, नामदेव पायरी आणि समोरच चोखोबांची समाधी, तिथे माथा टेकायचा आणि कळसाचं दर्शन घ्यायचं. लाखो वारकरी एवढंच करून परततात आणि त्यांना त्यात काही कमी वाटत नाही. तिसरा, जो आईंसाठी मला सगळ्यांत योग्य वाटतो: वारी करा, पंढरपूर टाळा, आणि आषाढी उलटून दोन-तीन आठवड्यांनी, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी येऊन शांतपणे पायावर डोकं ठेवा.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढलेला असतो. शेजारती होत नाही, विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रखुमाईला तक्क्या देतात, आणि मंदिर रात्रंदिवस उघडं राहतं. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा झाली की नित्योपचार पूर्ववत होतात. त्यामुळे 'रात्री दोनला गर्दी कमी असेल' हा हिशेब चालत नाही. उलट एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजा असते, तेव्हा रांग काही काळ थांबलेलीच असते.

चंद्रभागेबद्दल. पात्रातलं पाणी उजनी आणि वीर या धरणांच्या विसर्गावर अवलंबून असतं. पंढरपुरात टिपूस नसेल तरी नदी चढू शकते. यंदा आषाढी जुलैच्या शेवटी असल्याने ही शक्यता अधिक. पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की गळ्यापर्यंत, असं होतं. घाटाच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करा. पात्रात जाणाऱ्याने जीवरक्षकांच्या होड्या दिसतील तेवढ्याच टापूत राहावं.

पायताण:
बूट आणि सामान. कंटाळवाणं आहे, पण वारी पायांवर होते.

नवे बूट घेऊन येऊ नका. महिनाभर रोज वापरलेले, अर्धा नंबर मोठे, कारण दिवसभर चालून पाय सुजतात. जुलैअखेर पाऊस असणारच. भिजलेला कॅनव्हास दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या मोज्यात फोड हमखास. म्हणून मागे पट्टा असलेली सँडल आणि पातळ मोजे हे बुटांपेक्षा बरं. साध्या स्लिपरवर चालू नका, चिखलात तिचा अंगठा तुटतो आणि ती टाकून अनवाणी चालायची वेळ येते. डांबरी रस्ता दुपारी उन्हात तापतो, सवय नसताना अनवाणी एक किमीही नको.

निघण्याआधी बोटांच्या मधे, टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन चोळा. मांड्या घासून सोलणं हे फोडांपेक्षा जास्त जणांना घरी पाठवतं आणि लाजेने कुणी सांगत नाही. सुती, सैल, लांब अंतर्वस्त्र घाला. टाचेला चुरचुर सुरू झाली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा, 'विसाव्याला बघू' म्हटलं की फोड आला. आलाच तर वरची कातडी काढू नका. निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, औषध लावा, पट्टी बांधा. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र स्वतः सुई लावू नये, आरोग्य पथकाकडे जावं. वाटेवर पथकं आणि १०८ रुग्णवाहिका असतात.

पाणी एकावेळी एक लिटर बरोबर ठेवा आणि टँकरवर भरत राहा. विहीर, ओढा, शेतातली मोटार यांचं पाणी पिऊ नका. ओआरएसचं पूर्ण पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात (मोठं पाकीट एका पूर्ण लिटरला), अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका. आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. घाम, कमी पाणी आणि ती गोळी एकत्र आली की चक्कर येते. आणि बायका पाणी कमी का पितात ते सगळ्यांना माहीत आहे: शौचालयाची रांग. मुक्कामाच्या गावी निर्मल वारीची फिरती शौचालयं असतात, पहाटे तीनच्या आत मोकळी मिळतात, पाचला नाही. वाटेत पेट्रोल पंप आणि शाळा लक्षात ठेवत चला. कागदी साबण आणि छोटी बाटली वेगळी ठेवा.

चालण्यापेक्षा थांबणं दमवतं, हेही मनाशी धरा. रथ सारखा थांबतो, गर्दीचा वेग ताशी दोन-तीन किमीच्या वर जात नाही. म्हणून घरी सहा किमी सव्वा तासात होतात या हिशेबावर १२ किमीचा दिवस मोजू नका, सहा-सात तास धरा. एक हलकी काठी आणि बसायला रिकामी गोणपाटाची घडी आईंच्या हातात द्या.

ट्रकवर द्यायचं सामान: एक सतरंजी, एक चादर, खाली अंथरायला जाड प्लास्टिक, दोन कपडे, टॉवेल. सगळं आतून प्लास्टिकमध्ये. वळकटीवर नाव, फोन आणि दिंडी क्रमांक, 'पुढे' की 'मागे' सकट, रंगाने लिहा, चिठ्ठी पावसात जाते. तंबूत कडेची जागा घेऊ नका, पाणी कडेने शिरतं. स्वतःजवळच्या पिशवीत औषधं, थोडे पैसे, प्लास्टिकचा रेनकोट, मूठभर शेंगदाणे-गूळ. दागिने घरी. मंगळसूत्रसुद्धा साध्या काळ्या मण्यांचं.

भेटायची जागा ठरवताना 'रथाजवळ' म्हणू नका, रथ चालतो. गावातली शाळा, पंप, बँक असं जागचं न हलणारं काही ठरवा, वेळही ठरवा. फोन लागला नाही तर एसएमएस पाठवा, तो बऱ्याचदा जातो. आईंच्या कनवटीला एक कार्ड: नाव, दोन फोन नंबर, गोळीचं नाव.

इंद्रायणीकाठ:
सगळे माउलींच्याच वाटेचं बोलताय. तुकोबारायांची वाट धरा की. लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर असा रस्ता आहे. लोणी आणि यवत दोन्ही पुणे–दौंड लोहमार्गाजवळ. रिंगण हवं तर बेलवाडी, इंदापूर, अकलूज इथे गोल आहेत, आणि बेलवाडीच्या आधी काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण. बारामतीला रेल्वे आहे, राहायला लॉज आहेत, काटेवाडी तिथून जवळ. आईंना बारामतीत मुक्काम, एक दिवस काटेवाडी आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी बेलवाडी, संध्याकाळी परत. ताडपत्रीचा प्रश्नच नाही.

पडशी:
बारामतीचा हा पर्याय माझ्या पर्यायापेक्षाही चांगला आहे, मान्य. फक्त काटेवाडी–बेलवाडी रस्ता पालखी पुढे सरकेपर्यंत बंद राहील. परत बारामतीकडे यायला पालखीच्या मागचा रस्ता आधी मोकळा होतो, तेव्हा पुढे इंदापूरकडे वळसा घेऊ नका, मागेच फिरा.

आणि ज्यांनी दिवे घाटच धरायचं ठरवलंय त्यांच्यासाठी: तो दिवस सहसा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. वाटेत वाटपाला साबुदाणा, केळी, राजगिरा हेच मिळतं. दिवसभरात ३० किमी आणि पोटात तेवढंच, संध्याकाळी घाटात चक्कर येणाऱ्यांत अशांचा भरणा असतो. उपास धरणार नसाल तर पोळी-भाजी बरोबर घ्या. उपास असेल तर दर दोन तासांनी काहीतरी खा. आईंना त्या दिवसाचा अनुभव द्यायचाच असेल तर घाटाच्या अलीकडे हडपसरपर्यंत दोन तास चालवा आणि तिथून घरी पाठवा.

उंबरठा:
ठरलं असं: आईसोबत बारामतीला दोन रात्री, काटेवाडी आणि बेलवाडी. उरलेले दोन दिवस मी एकटा वाखरीला. दोन्हीच्या मधे काही दिवस जातात, म्हणजे रजा दोन तुकड्यांत मागावी लागेल. वाखरीहून परतीचं काय?

चंद्रभागातीर:
एकटे असाल तर सोपं आहे. आषाढीला एसटी शहराबाहेर तात्पुरती बसस्थानकं उघडते, आणि कुठल्या विभागाची गाडी कुठल्या स्थानकावरून सुटते ते ठरलेलं असतं. आपल्या गावाची गाडी कुठून, हे येतानाच वाहकाला विचारा, परतीच्या वेळी शोधत बसाल तर दोन-चार किमी जास्त चालाल. सगळ्यांत जास्त रेटा एकादशीच्या दुपारपासून द्वादशीला दिवसभर. दशमीला रात्री उशिरा किंवा त्रयोदशीला निघालात तर बसायला जागा मिळते. पौर्णिमेपर्यंत थांबता आलं तर गोपाळपूरचा काला बघा. तोवर गाव बरंच रिकामं झालेलं असतं. तुमच्या गावातून ४० जण जमत असतील तर आगारात आधी एकत्र मागणी करा, एसटी गावातूनच थेट गाडी देते. आईंना पुढच्या वर्षी तसं आणता येईल.